उन्हाळ्यातली उत्पादनघट शेडमध्ये शोधा : नागपूरच्या कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वर औद्योगिक वसाहतींमधील सर्व कारखानदार, भागीदार आणि व्यवस्थापक,
जिल्हा नागपूर

विषय : उन्हाळ्यातील उत्पादनघट, गैरहजेरी आणि कामाच्या जागेची परिस्थिती

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

संक्रांत उलटली की आपल्याकडच्या कारखान्यांत मार्चअखेरच्या डिस्पॅचची घाई सुरू होते आणि त्याच सुमारास पुढच्या वर्षाच्या खर्चाचे आकडेही मांडले जातात. त्या आकड्यांत टूलिंग असते, ऑइल आणि कूलंट असते, विजेचे बिल, वाहतूक, यंत्रांची देखभाल असते. ज्या जागेवर माणूस आठ-आठ तास उभा राहून हे सगळे वापरतो, त्या जागेसाठी मात्र बहुतेक कारखान्यांत वेगळा रकाना नसतो. असलाच तर तो किरकोळ खर्चात मिसळलेला असतो आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री त्यालाच लागते. हे पत्र त्या रकान्याविषयी आहे. एप्रिल उजाडल्यावर ते लिहून उपयोग नाही, कारण तोवर पत्र्याखालची हवा तापलेली असते, कूलरवाल्यांकडे रांग लागलेली असते आणि खर्चाची मंजुरी पुढच्या वर्षावर गेलेली असते.

मी हिंगणा एमआयडीसीत गुणवत्ता नियंत्रणाचे काम करतो. माझी सारी नोकरी इंजिनीअरिंग कारखान्यांत, मोजमापाच्या टेबलाशी गेली. शिफ्टमध्ये किती जॉब, म्हणजे घडवलेले सुटे भाग, पास झाले, किती रिवर्कला, म्हणजे पुन्हा दुरुस्तीला, गेले आणि किती भंगारात पडले हे रोज लिहिणाऱ्या माणसाला उन्हाळा रिजेक्शनच्या रजिस्टरमध्येही दिसतो. मे महिन्याच्या आढावा बैठकीत मग एक वाक्य ठरलेले असते : "उन्हाळ्यात माणसं कामच करत नाहीत." कधी ते मालक म्हणतात, कधी प्रॉडक्शन मॅनेजर. बैठक वातानुकूलित खोलीत होत असल्याने शेडमधली हवा त्या क्षणी कुणाच्याच अंगावर नसते, आणि वाक्य तसेच पुढे जाते. मला त्या वाक्याला उत्तर द्यायचे आहे. उन्हाळ्यातली घट कामगाराच्या वृत्तीतून येत नाही. ती पत्र्याखालच्या तापमानातून, पिण्याच्या पाण्यापर्यंतच्या अंतरातून, न मिळालेल्या विश्रांतीतून आणि सुपरवायझरच्या बोलण्यातून येते, आणि या चारही गोष्टी व्यवस्थापनाच्या हातातल्या आहेत.

तुमच्याच कारखान्यातल्या सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या, मशीनकडे एकदा या दृष्टीने पाहावे, अशी विनंती आहे. तिच्या पाठीमागे जे इलेक्ट्रिकल पॅनेल असते, त्याला स्वतंत्र छोटा एसी बसवलेला असतो. आतले ड्राइव्ह, म्हणजे मोटारी चालवणारी विद्युत उपकरणे, तापले की मशीन अलार्म देऊन थांबते, म्हणून पॅनेलभोवतीचे तापमान किती असावे हे मशीन बनवणारा मॅन्युअलमध्ये छापून देतो आणि आपण ते निमूटपणे पाळतो. एप्रिलच्या आधी पॅनेल एसीचा फिल्टर साफ होतो, गॅस तपासला जातो, बिघडला तर त्याच दिवशी मेकॅनिक येतो. त्या पॅनेलपासून हातभर अंतरावर ऑपरेटर उभा असतो, त्याच पत्र्याखाली, स्पिंडलच्या आणि गरम चिप्सच्या धगीत. त्याच्यासाठी भिंतीवरचा एक पंखा असतो, आणि दुपारी दोन वाजता तो पंखा वरची तापलेली हवाच खाली ढकलत असतो. ड्राइव्ह तापला तर उत्पादन थांबते हे आपल्याला कळते. ऑपरेटर तापला तरी उत्पादन चालूच राहते, फक्त ते बिघडत जाते, आणि म्हणूनच ते आपल्या नजरेतून सुटते.

ते कसे बिघडते हे मी जवळून पाहिले आहे. ग्राइंडिंग झालेला जॉब हातात घेतला की उन्हाळ्यात त्यावर घामेजलेल्या बोटांचे ठसे उमटतात. त्या घामात मीठ असते. जॉब पुसून, गंजरोधक तेल लावून पॅक व्हायला थोडा जरी उशीर झाला, तरी ग्राहकाकडे पेटी उघडेपर्यंत त्या चकचकीत पृष्ठभागावर बोटांच्या आकाराचे तांबूस डाग पडलेले असतात. अशा तक्रारीच्या उत्तरात आपण लिहितो, "ऑपरेटरला हातमोजे वापरण्याची ताकीद देण्यात आली." पण हातमोजे त्याने का काढले होते, तर आत घाम साचून मायक्रोमीटर या मोजमापाच्या साधनाची रॅचेट, म्हणजे नेमका दाब आल्यावर टकटक करणारी मूठ, बोटांना जाणवत नव्हती. ताकीद दिल्याने शेडचे तापमान उतरत नाही, आणि पुढच्या मे महिन्यात तोच डाग, तीच तक्रार आणि तेच उत्तर पुन्हा लिहिले जाते.

डाग निदान डोळ्यांना दिसतो. लक्ष उडाल्यामुळे होणाऱ्या चुका त्याहून महाग पडतात. मशीनमध्ये ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाची दुरुस्ती, टाकताना दशांश चिन्ह सरकणे, जॉब पकडणाऱ्या फिक्स्चरमध्ये पूर्ण न बसताच तो आवळणे, दर पाच नगांनंतर करायची तपासणी दहा नगांवर जाणे, आणि मग मधले सगळेच नग संशयित ठरणे. माझ्या अनुभवात या चुका जेवणाच्या सुट्टीनंतरच्या दोन-तीन तासांत दाटतात, आणि त्या नवख्यांच्या हातून होतात तशाच जुन्या, मुरलेल्या कारागिरांच्या हातूनही होतात. ज्याच्या हाताला वर्षभर खोट लावता येत नाही, तोच माणूस मे महिन्यात चुकत असेल, तर कारण त्याच्या कौशल्यात किंवा वृत्तीत शोधणे मला पटत नाही. आपल्या मोजमापाच्या खोलीचे तापमान आपण 20 अंशांवर ठेवतो, कारण लांबीच्या मोजमापासाठी जगभर तेच प्रमाण तापमान मानले जाते आणि पोलाद दर अंशाला, दर मीटरमागे सुमारे 11 ते 12 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते. धातूवर उष्णतेचा परिणाम होतो हे आपल्याला मायक्रॉनपर्यंत ठाऊक आहे, मग माणसावरही तो होतो हे मान्य करायला आपण इतके का अडखळतो, हे मला कळत नाही.

शरीराचे गणित अवघड नाही. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण 35 अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गरम झाली की शरीरातली उष्णता बाहेर टाकायला घाम वाळणे एवढा एकच मार्ग उरतो. त्यासाठी पाणी लागते, मीठ लागते आणि हृदयाला जास्त राबावे लागते. हातापायांकडे जाणारे रक्त त्वचेकडे वळते आणि माणूस मंदावतो. हे मंदावणे म्हणजे शरीराने स्वतःचा केलेला बचाव असतो. टार्गेटची भीती घालून तो बचाव मोडता येतो, पण मग ऊन लागते, भोवळ येते, आणि भोवळ आलेला माणूस प्रेसच्या किंवा लेथच्या जवळ असला तर पुढे काय होते, हे मी या पत्रात लिहिण्याची गरज नाही.

हे केवळ माझ्या टेबलावरून दिसणारे चित्र नाही. ई. सोमनाथन, रोहिणी सोमनाथन, अनंत सुदर्शन आणि मीनू तिवारी या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या कारखान्यांचा अभ्यास करून 2021 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यानुसार तापमान एका अंशाने वाढले तर कारखान्याचे वार्षिक उत्पादन सुमारे 2 टक्क्यांनी घटते. त्यात सुरतेचे विणकाम आहे आणि आपल्यापासून एका रात्रीच्या रेल्वे प्रवासाइतकेही दूर नसलेल्या भिलाईची पोलाद गिरणीही आहे. या अभ्यासातली एक गोष्ट तर आपण सर्वांनी लिहून ठेवावी अशी आहे : जिथे कामाची जागा थंड ठेवली होती तिथे उत्पादनातली घट थांबली, पण गैरहजेरी मात्र थांबली नाही. दुसऱ्या एका अभ्यासात दिसले की बेंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी बसवले, तेव्हा दिव्यांची धग कमी झाली आणि उष्ण दिवसांतली उत्पादनघट बरीचशी भरून निघाली. ती योजना मुळात वीज वाचवण्यासाठी होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 मध्ये मांडलेला अंदाज असा आहे की 2030 पर्यंत उष्णतेमुळे भारतातले 5.8 टक्के कामाचे तास वाया जातील, म्हणजे जवळजवळ 3.4 कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम. हा सरासरी आकडा साऱ्या देशाचा आहे. जिथे पारा दर उन्हाळ्यात 45 अंशांपर्यंत जातो त्या विदर्भाने यातला आपला वाटा किती असेल, याचा विचार करावा.

जागा थंड केली तरी गैरहजेरी का थांबत नाही, याचे उत्तर कारखान्याच्या फाटकाबाहेर आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वात तापणारे नऊ दिवस, लागला की रात्रीही तापमान उतरत नाही. आपले बहुतेक कामगार इसासनी, वाडी, डिगडोह, बुटीबोरीच्या आसपासच्या वस्त्यांत टिनाच्या किंवा स्लॅबच्या छोट्या खोल्यांत भाड्याने राहतात. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकत असतो. मध्येच वीज गेली की कूलर बंद, आणि लेकरांना घेऊन सारे घर गच्चीवर किंवा रस्त्यावर. ज्याला पहाटे तीनला डोळा लागला, तो सातच्या शिफ्टला येतो तेव्हा अर्धा थकूनच येतो. सेकंड शिफ्टवाल्याचे हाल वेगळे. त्याला भर दुपारी दुपट्टा गुंडाळून निघावे लागते. मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत आणते, तिथून पुढे शेअर ऑटो मिळाला तर ठीक, नाहीतर पायपीट. गेल्या काही उन्हाळ्यांत भर दुपारी शहरातले अनेक सिग्नल बंद ठेवण्यात आले, कारण दुचाकीवाल्याला मिनिटभर उन्हात ताटकळत ठेवणे धोक्याचे आहे हे प्रशासनाने मान्य केले. त्याच दुपारी आपण माणसाला आधी रस्त्यावरून आणि मग पत्र्याखालून काढतो, आणि त्याने एखादा खाडा केला की हजेरीचा बोनस कापतो. तो खाडा बहुतेक वेळा शरीराने मागितलेली विश्रांती असते. ती कबूल करून घेतली, तर निदान आदल्या दिवशी कळते की उद्या कोण येणार नाही. कापाकापी केली, तर सकाळी मशीन उभे राहिल्यावरच कळते.

एका कारखान्यातले उदाहरण सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असे कारखाने पुष्कळ आहेत. मशीन शॉपमधला वॉटर कूलर एप्रिलच्या सुरुवातीला बिघडला. दुरुस्तीची चिठ्ठी मेंटेनन्सकडून परचेसकडे, परचेसकडून मंजुरीसाठी वर आणि तिथून शंका विचारण्यासाठी पुन्हा खाली, अशी फिरत राहिली. तोवर शॉपमधली माणसे बाटली भरायला आवार ओलांडून कँटीनच्या माठाकडे जाऊ लागली. मग मशीन सोडून फिरण्याचे प्रमाण वाढल्याची नोंद झाली, आणि शिफ्टमध्ये दोनदाच पाण्याला जाता येईल असा तोंडी नियम निघाला. त्या नियमानंतर माणसांनी पाणी पिणेच कमी केले. कॉन्ट्रॅक्टवरचा एक हेल्पर पोरगा दुपारी ट्रॉलीजवळ खाली बसला तो उठेनाच. त्याला सलाइन लावून घरी पाठवले, तो पुन्हा आला नाही, आणि त्याच्या गावची आणखी दोन पोरेही त्याच्यामागे गेली. त्यांच्या जागी जे आले त्यांना काम शिकवण्यात जून गेला. त्या सगळ्या काळात वॉटर कूलरच्या दुरुस्तीचा खर्च एका दिवसाच्या रिजेक्शनपेक्षा कमी होता, हे दाखवणारे दोन्ही कागद माझ्या डोळ्यांसमोर होते.

या प्रसंगात उष्णतेइतकाच दोष त्या तोंडी नियमाचा आहे. परिस्थिती आणि पाठबळ या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. सुपरवायझरला वरून फक्त नगांचा हिशेब विचारला जातो, म्हणून तो खाली फक्त नगांवरूनच बोलतो. "गरगरतंय" असे सांगणाऱ्याला तो "सगळ्यांनाच होतं" म्हणतो, आणि त्यानंतर ते वाक्य त्या लाइनवर कुणीच उच्चारत नाही. एकदा ही सवय लागली की माणसे बाकीच्या गोष्टीही सांगेनाशी होतात : टूल बोथट झाले आहे, क्लॅम्प ढिला आहे, मागचे चार नग शंकास्पद आहेत. गुणवत्तेच्या माणसाला या गप्पपणाची सर्वात जास्त भीती वाटते. बेंगळुरूच्या कपडे उद्योगातच झालेल्या आणखी एका अभ्यासात, अपेक्षेपेक्षा कमी पगारवाढ मिळालेल्या कामगारांपैकी काहींना कामाच्या परिस्थितीबद्दल आणि सुपरवायझरबद्दल नाव न देता मत मांडण्याची संधी देण्यात आली. तेवढ्यानेही त्यांच्यातली नोकरी सोडण्याची आणि गैरहजर राहण्याची प्रवृत्ती कमी झाली. पगारवाढीचा प्रश्न त्याने सुटत नाही आणि सुटू नये, पण ऐकून घेण्याची किंमत किती आणि न ऐकण्याचे नुकसान किती, हे त्यातून कळते.

नागपूरला हे नवे नाही. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांनी याच शहरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे त्यांनी हवेत ओलावा ठेवणारी यंत्रे आणि आग विझवणारे फवारे बसवले, 1886 मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला आणि 1895 पासून अपघाताची भरपाई देऊ केली. यातले काहीही त्या वेळी कायद्याने सक्तीचे नव्हते. कोरड्या हवेत सूत तुटते हे तर त्यांना कळत होतेच. त्या सुताशेजारी राबणाऱ्या माणसाचेही काही देणे लागते, हेही त्यांनी ओळखले होते. गिरणी पुढे बंद पडली आणि गांधीसागराजवळच्या त्या जागेवर आज मॉल उभा आहे, तरी गिरणीत आयुष्य काढलेल्यांची घरे अजून या शहरात आहेत. वाढत्या उन्हाळ्याचा हिशेब मांडताना आपल्याला परदेशातले दाखले शोधावे लागू नयेत.

कायद्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो तुम्हाला ठाऊक आहे. कारखाने अधिनियम, 1948 ने वायुवीजन आणि तापमानाची जबाबदारी मालकावर टाकली होती, उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसण्याची सोय सांगितली होती, पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नको आणि त्यानंतर अर्धा तास विश्रांती हवी असे बजावले होते. उन्हाळ्यात थंड पाणी देण्याची सक्ती मात्र त्यात 250 पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांपुरती होती. आता त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, 2020 ने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. हिंगण्यातले बहुतेक कारखाने तीस, चाळीस, साठ माणसांचे आहेत. अनेक तरतुदींच्या आकड्यांखाली ते राहतात, आणि म्हणून आपल्याला काही करण्याची गरज नाही असा समज रूढ झाला आहे. चाळिसांच्या शेडमधल्या माणसाला तहान दोनशे एक्कावन्नाव्या माणसाइतकीच लागते.

त्यात नवा प्रश्न तासांचा आहे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यांतली दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याच्या 48 तासांची मर्यादा कायम आहे. हा 48 तासांचा आठवडा त्याआधीच्या जुन्या कारखाने कायद्यात 1946 मध्ये झालेल्या दुरुस्तीने आला, आणि त्यामागे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे काम होते, हे दीक्षाभूमीच्या शहरात सांगावे लागू नये. बारा तासांच्या शिफ्टचा विचार करणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला माझे कळकळीचे सांगणे आहे की एप्रिल, मे आणि जूनमध्ये त्या वाटेला जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये दाखवून दिले की आठवड्याला 55 तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो. ओव्हरटाइम धरला की आपल्याकडची माणसे हा आकडा सहज गाठतात, आणि तो अभ्यास काही पत्र्याखालच्या नागपुरापुरता नव्हता. दहाव्या तासाला तयार झालेले नग मी मोजलेले आहेत. त्यातले किती परत मशीनवर चढतात हे धरले, तर तो तास बहुधा तोट्यातच जातो.

मग करायचे काय, यावर माझे मत स्पष्ट आहे : सुरुवात छपरापासून करावी. नागपुरात शेडमध्ये येणारी बरीचशी उष्णता पत्र्यातून उतरते. पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग द्यावा, जमेल तिथे खालून इन्सुलेशन लावावे, वरच्या बाजूने गरम हवा निघून जाण्याची वाट ठेवावी. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचे धोरणच केले आहे. आपल्याला धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यानंतर हवा. हवेचे तापमान 40 अंशांच्या वर गेल्यावर नुसत्या पंख्यावर विसंबू नये असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आपला मे महिना कोरडा असल्याने डक्टिंगचे कूलर इथे उत्तम चालतात, फक्त त्यांना पाणी आणि स्वच्छ खस लागते, आणि ही जबाबदारी कुणा एकाच्या नावावर लिहावी लागते, नाहीतर मेच्या मध्यावर ते कोरडेच फिरतात. पहिला पाऊस पडला की दमटपणाने कूलर निरुपयोगी होतात आणि शेड कोंदट होते. ते पंधरा-वीस दिवस मेपेक्षा सोपे नसतात, म्हणून उन्हाळ्याची व्यवस्था मृगाच्या पहिल्या सरीला गुंडाळून ठेवू नये.

शिफ्टची वेळ बदलणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे आणि तोच सर्वात कमी वापरला जातो. सकाळची शिफ्ट सहाला सुरू करून जड काम दुपारी बाराच्या आत उरकता येते. भट्टी, वेल्डिंग, फेटलिंग (ओतीव भागांची घासाघीस) अशी कामे भर दुपारी ठेवण्याचे कारण बहुधा जुनी सवय एवढेच असते. वेळ बदलताना कामगारांना विचारून बदलावी, विशेषतः ज्या महिलांना घरचे पाणी भरून, डबे करून निघावे लागते त्यांना. त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट. स्वच्छ आणि जवळ शौचालय नसेल तर बाया पाणी पीत नाहीत, हे कुणी बैठकीत सांगणार नाही. पॅकिंग आणि असेंब्लीच्या लाइनवर त्याचे परिणाम डोकेदुखी, मूत्रमार्गाचा त्रास आणि खाडे या रूपाने दिसतात. तिथे थंड पाण्याचा माठ ठेवून भागत नाही.

नव्याने आलेल्या माणसाला पहिले आठ-पंधरा दिवस हळूहळू कामाला लावावे. शरीराला उष्णता सवयीची व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि याच काळात ऊन लागण्याचा धोका सर्वाधिक असतो. आपल्याकडे उलट घडते : कॉन्ट्रॅक्टरने आणलेला पोरगा पहिल्याच दिवशी सर्वात तापलेल्या जागी उभा केला जातो, कारण जुने तिथे जायला तयार नसतात. पाणी, बसायला जागा, मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस, आणि दर तासाला काही मिनिटे सावलीतली विश्रांती, हे सगळे कायम आणि कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला सारखेच मिळावे. घाम दोघांनाही सारखाच येतो आणि जॉबही एकाच पेटीत जातात.

लहान कारखानदारांची अडचण मला माहीत आहे. शेड भाड्याची असते, जॉबवर्कचा दर ग्राहक ठरवतो, पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात, आणि मोठ्या कंपनीचे डिलिव्हरी शेड्यूल मे महिन्याला ओळखत नाही. अशा माणसाला "छप्पर रंगवा" म्हणणे सोपे आहे. म्हणून हे पत्र एकेका मालकाला न लिहिता तुम्हा सर्वांना मिळून लिहिले आहे. शेडमालकांशी छपराच्या कामाबद्दल बोलणे, रंगाची आणि कूलरची खरेदी एकत्र करून दर पाडून घेणे, आणि मोठ्या ग्राहकांना मार्चमध्येच सांगणे की मेच्या शेवटच्या आठवड्यातला माल एप्रिलमध्ये आगाऊ घ्या, ही कामे एकट्यादुकट्याला जमणारी नाहीत. तुमच्या संघटनांना ती जमतील. आणि ज्या मोठ्या कंपन्या हे पत्र वाचतील त्यांनी पुरवठादाराच्या ऑडिटमध्ये गेज कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मापनसाधनांच्या अचूकतेच्या, प्रश्नाशेजारी शेडच्या तापमानाचा एक प्रश्न जरूर घालावा.

माझी या उन्हाळ्यापुरती मागणी लहान आहे. होळीच्या आत प्रत्येक कारखान्याने शॉपमध्ये, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर आणि सर्वात तापणाऱ्या मशीनजवळ एक साधे तापमापक लावावे. सकाळी दहा, दुपारी दोन आणि सायंकाळी पाचचे तापमान त्याच रजिस्टरमध्ये लिहावे, ज्यात त्या शिफ्टचे नग, रिजेक्शन आणि हजेरी लिहिली जाते. जूनअखेर तुमच्या संघटनांनी हे आकडे नावे झाकून एकत्र मांडावेत, आणि त्या बैठकीला सुपरवायझर व लाइनवरचे दोन-दोन कामगारही बोलवावेत, कॉन्ट्रॅक्टवरचे धरून. रजिस्टरचा नमुना मी करून ठेवला आहे. ज्यांना तो हवा असेल, किंवा कुठल्या मशीनजवळ तापमापक लावावे याबद्दल सल्ला हवा असेल, त्यांच्या शॉपमध्ये मी सुट्टीच्या दिवशी स्वतः येऊन ते काम करून देईन.

आपला नम्र,
गुणवत्ता नियंत्रण विभागातील एक कर्मचारी
हिंगणा औद्योगिक वसाहत, नागपूर